एक रोल, एक भटकंती: छत्तीस फोटो काढण्यापासून ते हातात देण्यापर्यंत

३५ मिमी रोलवरची एक फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असते, साधारण मोठ्या टपाल तिकिटाएवढी. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बर्नाकने १९१३-१४च्या सुमारास सिनेमाची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. त्याला दमा होता. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपत नव्हतं. त्याचाच पुढे १९२५ साली लायका कॅमेरा झाला. १९३४मध्ये कोडॅकने आज आपण वापरतो तो तयार डबीतला रोल आणला आणि हा आकार घरोघरी गेला.

म्हणजे हा कॅमेरा मुळातच चालणाऱ्या माणसासाठी जन्मला. म्हणूनच असा फोटो दाखवताना त्यामागची भटकंतीही त्याच्यासोबत यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पण घरी परतल्यावर ठरवून ती आणता येत नाही. त्याची तयारी निघण्याआधीपासून करावी लागते. ती कशी करायची, हे एका खऱ्या भटकंतीच्या आधाराने सांगतो. ही वाई-मेणवलीची भटकंती आहे. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, आणि एका रोलला पुरेल एवढं तिथे नक्की आहे.

रोल कुठला घ्यायचा

पहिल्यांदा जात असाल तर ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) कृष्णधवल रोल घ्या. इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, दोन्ही उत्तम. वाईत घाटावर लख्ख ऊन आणि देवळाच्या आत काळोख, असं दिवसभर आतबाहेर चालतं. ४०० दोन्हीकडे निभावून नेतो. रंगीत हवा असेल तर कोडॅक गोल्ड २०० चालेल, पण गाभाऱ्याजवळ हात स्थिर ठेवावा लागेल.

रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर आदल्या रात्रीच डबी न उघडता बाहेर काढून ठेवा. थंड रोल दमट हवेत उघडला की त्यावर बाष्प धरतं. विमानाने कुठे जाणार असाल तर रोल चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका. तिथली तपासणी यंत्रं फिल्मवर धुकं आणतात. हातातल्या बॅगेत पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा.

एका भटकंतीला एकच रोल न्या. दोन नेले की हात सैल सुटतो, आणि मग निवडताना आपण कुठे कुठे थांबलो होतो हेच आठवेनासं होतं.

रोल भरताना

हे मी घाईत करायचो. मेणवलीच्या माझ्या पहिल्या फेरीत फिल्मचं टोक आतल्या चक्राच्या दातांत अडकलंच नव्हतं. काउंटर पुढे सरकत होता, शटरचा आवाज येत होता, मी खुशीत होतो. धुतल्यावर अख्खी फिल्म कोरी निघाली. तो दिवस माझ्याकडे फक्त डायरीत आहे. तेव्हापासून मी एक गोष्ट चुकवत नाही, तुम्हीही चुकवू नका.

सावलीत उभे राहा. टोक स्पूलच्या, म्हणजे फिल्म गुंडाळून घेणाऱ्या दांडीच्या, खाचेत घाला. एकदा लिव्हर ओढा आणि दोन्ही कडांची भोकं दातांत बसली आहेत का ते डोळ्यांनी बघा. मागचं झाकण लावा. आता डावीकडचा, रोल परत गुंडाळायचा खुंटा त्यावरच्या बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून आतली ढील काढा. अडला की थांबा. मग दोन कोऱ्या फ्रेम काढा, आणि लिव्हर ओढताना तो खुंटा उलट्या दिशेने फिरतो का ते पाहा. फिरला तर फिल्म पुढे जाते आहे. नाही फिरला तर झाकण उघडा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. आयएसओची तबकडीही याच वेळी लावून टाका.

डायरी: अर्धा फोटो इथे असतो

खिशात मावणारी छोटी वही आणि पेन्सिल घ्या. शाईचं पेन नको, घाटावर हात ओला असतो. फोनमध्ये लिहून ठेवण्याचा प्रयत्न मी केला आहे. फोन उघडला की माणूस दुसरीकडेच जातो.

वहीच्या वरच्या ओळीत रोलचा क्रमांक, तारीख, जागा आणि फिल्मचं नाव लिहा. पुढे प्रत्येक फ्रेमची नोंद करायची गरज नाही. चार-पाच फोटो झाले की एका दगडावर बसा आणि चार गोष्टी लिहा: काउंटरवरचा आकडा, वेळ, साधारण एक्स्पोजर (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं, आणि लेन्सच्या छिद्राचा एफ आकडा), आणि फोटोत येऊ न शकणारी एक गोष्ट. ही चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. आवाज, वास, कोणी काय बोललं, पाय कुठे भाजला. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

«११ ते १४. ७:५० सकाळ. घाटाच्या खालच्या पायऱ्या. १/२५०, एफ ८. पाणी दोन पायऱ्या उतरलेलं, शेवाळावर उन्हाची रेघ. धुणं आपटण्याचा आवाज आधी येतो, हात नंतर दिसतो असं वाटतं, कारण पलीकडच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येतो.»

सहा महिन्यांनी या फोटोबद्दल मला यातलं काहीही आठवलं नसतं. बारावी फ्रेम आज पाहणाऱ्याला मी ही नोंद वाचून दाखवली की तो फोटोकडे परत वळतो आणि पलीकडची भिंत शोधतो.

छत्तीस फ्रेम कशा खर्च करायच्या

स्वारगेटहून वाईची एसटी पकडा, पहाटेची मिळाली तर उत्तम. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते जानेवारीत, सकाळचं ऊन तिरपं आणि हवा स्वच्छ असते. पहिल्या तीन-चार फ्रेम प्रवासाला द्या: खिडकी, तिकीट धरलेला हात, बरोबरच्या माणसाची पेंग. बहुतेक लोक हे फोटो काढत नाहीत आणि घरी दाखवायला बसल्यावर गोष्टीला तोंडच सापडत नाही.

वाईत कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेलं. बहुतेकांचा कॅमेरा समोरून गणपतीकडे वळतो. तुम्ही देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून बाजूने निघून जावं म्हणून. नदीच्या बाजूने, खाली बसून, ती धार फ्रेमच्या मधोमध घेऊन फोटो काढा. मग जवळ जाऊन दगडांचे सांधे काढा. या दोन फोटोंत बांधणाऱ्याचा सगळा विचार येतो, आणि दाखवताना सांगायला तुमच्याकडे गोष्ट असते.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. चालत जाता येतं, आणि चालतच जा, कारण वाटेतल्या फ्रेम गाडीतून मिळत नाहीत. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेली ही चर्चची घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी कोरलेली आहे. पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या घाटावर, महादेवाच्या शेजारी, मेरी. इथे घाई करू नका. आधी घंटा आणि मागची नदी एका फ्रेममध्ये घ्या. मग अर्ध्या-पाऊण मीटरवर जाऊन नुसती कोरीव आकृती घ्या, बाजूने प्रकाश येईल असं उभं राहून. समोरून प्रकाश असेल तर कोरीव काम सपाट दिसतं.

एक्स्पोजरचा साधा हिशेब लक्षात ठेवा. लख्ख उन्हात एफ १६ ठेवला की शटर आयएसओच्या आकड्याच्या सर्वांत जवळचं, म्हणजे ४०० रोलला १/५००. मोकळ्या सावलीत एफ ८ आणि १/१२५. वाड्याच्या आत किंवा गाभाऱ्याजवळ मात्र अंदाजावर राहू नका. प्रकाश मोजणारा मीटर वापरा आणि तो भिंतीच्या सावलीच्या भागावर धरा. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश सहज पचवते, कमी प्रकाश पचवत नाही. सावलीत जे नोंदलं गेलं नाही ते नंतर कुठूनच येत नाही.

माणसांचे फोटो विचारून काढा. घाटावर धुणं धुणाऱ्या एका आजींना मी विचारलं, "आजी, फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "काढ की. पन द्याया येशील का न्हाय परत?" मी हो म्हणालो आणि वहीत लिहून ठेवलं. असं कोणी मागितलं तर नाव, घर कुठल्या बाजूला, आणि फ्रेमचा आकडा तिथल्या तिथे लिहा.

शेवटच्या दोन-तीन फ्रेम परतीसाठी ठेवा. चहाचा ग्लास, धुळीचे पाय, स्टँडवरची संध्याकाळ. रोल संपला की गुंडाळायचं बटण दाबून पूर्ण गुंडाळा, टोक सुटल्याचा हलका झटका हाताला कळतो. मगच झाकण उघडा. डबीवर लगेच रोलचा क्रमांक लिहा.

धुणं

रोल धुवायला, म्हणजे डेव्हलप करायला, लॅबमध्ये देणार असाल तर तीन गोष्टी सांगून, चिठ्ठीवर लिहून द्या: निगेटिव्ह परत हवेत, पट्ट्या सहा-सहा फ्रेमच्या कापायच्या, आणि कापताना फ्रेमच्या मधून कात्री जाता कामा नये. मी एका लॅबमधून माझे निगेटिव्ह विचारायला गेलो तेव्हा स्कॅन दिल्यावर ते फेकून दिल्याचं कळलं. स्कॅन ही प्रत आहे, मूळ वस्तू निगेटिव्ह आहे. ती टाकायचा अधिकार कोणालाच नाही, आणि हे आधी बोलून घ्यायला संकोच करू नका.

कृष्णधवल रोल घरी धुणं अवघड नाही. एचपी५ प्लस ४००ला वापरला असेल आणि आयडी-११ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) एकास एक पाणी घालून घेतला, तर २० अंशाला १३ मिनिटं लागतात. आपल्याकडे नळाचं पाणी बहुतेक महिने २० अंशांच्या वर असतं. तापमान वाढलं की वेळ कमी होतो: २० अंशाला चार मिनिटं असतील तर २३ला तीन. त्या हिशेबाने १३ मिनिटांची पावणेदहा होतात. उन्हाळ्यात बादलीत बर्फाच्या पिशव्या ठेवून रसायनांच्या बाटल्या तीत उभ्या करा, आणि डेव्हलपर, फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन), धुण्याचं पाणी सगळं जवळपास एकाच तापमानाला ठेवा. उन्हाळ्यात मी सगळं २३-२४ला आणतो, २०च्या मागे लागत नाही.

पाणी वाचवून धुवायची इलफर्डची पद्धत आपल्याकडे फार उपयोगाची आहे: फिक्सरनंतर टाकीत पाणी भरून पाच वेळा उलटीपालटी करा आणि ओता, नवं पाणी भरून दहा वेळा, पुन्हा नवं भरून वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात काम होतं. वाळवायला बाथरूम सर्वांत बरं, कारण तिथे धूळ कमी. शेवटच्या पाण्यात ओलावा पसरवणाऱ्या द्रावणाचे एक-दोन थेंब घातले की डाग राहत नाहीत.

निवड

सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या, कडा किंचित एकमेकींवर चढवल्या की, ८ बाय १० इंची कागदावर बसतात. त्याची कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली, सगळ्या फ्रेम एकत्र दाखवणारी प्रत) काढा, किंवा लाईट बॉक्सवर ठेवून फोनने एक फोटो काढून त्याचे रंग उलटे करा. भिंग नसेल तर ५० मिमी लेन्स उलटी धरून डोळ्याला लावा, झकास भिंग होतं.

पहिल्या दिवशी निवडू नका. काढतानाच्या कष्टाचं प्रेम फोटोला चिकटलेलं असतं. आठवडाभर थांबा, मग कॉन्टॅक्ट शीट आणि वही शेजारी ठेवून बसा. मी एका रोलमधून नऊ निवडतो. निवडताना दोन खुणा करतो: फोटो म्हणून उभा राहणारा, आणि गोष्ट पुढे नेणारा. घंटेचा फोटो दोन्हीत येतो. एसटीच्या खिडकीचा फक्त दुसऱ्यात. तरीही तो नवांत असतो. सगळे "उत्तम" फोटो एकत्र केले की एक ढीग होतो. पाहणाऱ्याला सकाळ कुठे संपली आणि दुपार कुठे झाली ते कळत नाही.

क्रम घडला तसाच ठेवा. कधी एखादा जवळून काढलेला फोटो पुढेमागे केला तर हरकत नाही, पण जाणं आणि येणं जागेवर असू द्या.

प्रिंट

आपली फ्रेम ३६ बाय २४, म्हणजे तीनास दोन. ४ बाय ६ इंची कागदही तीनास दोन. त्यामुळे या आकारात एक कडसुद्धा न कापता पूर्ण फ्रेम येते. ५ बाय ७ मागितला तर बाजू कापाव्या लागतात किंवा पांढरी पट्टी राहते. दुकानात "पूर्ण फ्रेम, कापायचं नाही" असं स्पष्ट सांगा. हातात धरून पाहायला ४ बाय ६ पुरेसा आहे. लहान फोटो पाहायला माणूस पुढे झुकतो आणि शेजारचाही त्याच्या खांद्यावरून वाकतो.

स्कॅन करून प्रिंट काढणार असाल तर २४०० डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके) पुरतं. त्यातून साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात, आणि ४ बाय ६ प्रिंटला ३०० डीपीआयने १८०० बाय १२०० लागतात. उगाच मोठ्या फाइल करून वेळ घालवू नका. तो वेळ धूळ पुसण्यात घाला. एक टपोरा धुळीचा कण आभाळात पांढरा ठिपका होऊन बसतो.

मागे लिहिणं

आता वही कामाला येते. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या थराच्या फोटो कागदावर पेन्सिल नीट उमटत नाही आणि बॉलपेन दाबलं तर पुढे वळ उठतात. सीडीवर लिहायचं बारीक टोकाचं मार्कर पेन घ्या, कडेला लिहा, आणि पाच मिनिटं वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका, नाहीतर शाई पुढच्या फोटोच्या तोंडावर उतरते.

तीन ओळी पुरतात. पहिली: रोल आणि फ्रेम क्रमांक, तारीख, जागा. दुसरी: काय आहे. तिसरी: वहीतली ती चौथी गोष्ट. घंटेच्या फोटोमागे मी लिहिलं आहे: «हात लावला तर उन्हातही गार. शेजारचा मुलगा म्हणाला, वाजवू नका, आत्ताच वाजवली.» "अप्रतिम क्षण", "स्वर्गीय सकाळ" असलं काही लिहू नका. ते पाहणाऱ्याला ठरवू द्या.

दाखवणं

जेवणं झाल्यावर, टेबल पुसून, दिवा जवळ घेऊन बसा. चार-पाच माणसं, त्याहून जास्त नकोत. फोटो एकेक करून हातात द्या. पूर्ण गठ्ठा दिला की लोक पत्ते पिसावेत तसे सरकवतात. भटकंतीला बरोबर आलेलं माणूस असेल तर बोलायचं काम त्याच्यावर सोपवा. त्याला वेगळंच आठवतं, आणि तुम्ही शेजारी बसून ते वहीत टिपून घ्या. मी बारावी फ्रेम दाखवत होतो तेव्हा माझी बहीण म्हणाली की त्या वेळी तिची चप्पल वाहून चालली होती. मला पत्ताच नव्हता, मी लेन्समधून बघत होतो. ती ओळ आता फोटोमागे आहे.

लांबच्या लोकांना पोस्टाने पाठवा. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड पुठ्ठा दोन्ही बाजूंनी लावा, बाहेर "फोटो आहेत, दुमडू नये" लिहा. तीन फोटो आणि एक पानभर पत्र, एवढं पाठवलं की उत्तर येतंच.

फोनवर पाठवायचे असतील तर थोडक्यात: डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे ॲप फोटो दाबून बारीक करत नाही, एका वेळी तीन-चारच, आणि प्रत्येकाखाली ती तिसरी ओळ. लहान मुलांचे चेहरे त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे धाडू नका. पक्ष्याचं घरटं टिपलं असेल तर नेमकी जागा सांगू नका. गर्दी झाली की पक्षी घरटं सोडून जातात.

ज्यांचा फोटो, त्यांना फोटो

हे काम टाळू नका. आजींचा फोटो द्यायला मी दोन महिन्यांनी मेणवलीला गेलो. घराची खूण वहीत होती म्हणून सापडल्या. त्यांनी पदराला हात पुसले, फोटो दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उलटा करून म्हणाल्या, "हितं काय लिवलंय? वाच." मी प्रतिध्वनीची ओळ वाचली. त्यांनी सुनेला हाक मारली आणि म्हणाल्या, "बघ, त्याला बी ऐकू आलं. मी कवाधरनं सांगती."

लॅमिनेशन करून देऊ नका. कडेने हवा शिरली की आतल्या आत डाग पडतात आणि फोटो काढून घेता येत नाही. साधं पाकीट पुरे. कोणी भिंतीवर लावणार असेल तर ऊन न येणारी भिंत सुचवा.

जपणं

चिकट पानांचे अल्बम आपल्या घराघरांत आहेत, लग्नाचे फोटो त्यांत पिवळे पडून अडकून बसले आहेत. नवे फोटो त्यांत घालू नका. जाड कागदाचा अल्बम आणि कोपरे लावायचे कागदी त्रिकोण घ्या.

निगेटिव्ह सहा-सहाच्या खणांच्या पानांत ठेवा आणि पानावर रोलचा क्रमांक, जागा, तारीख घाला. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, बुरशी हा खरा शत्रू आहे. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या. रंग बदलला की भट्टीत किंवा मंद तव्यावर तापवून परत वापरता येतात. ऑक्टोबरात एका कोरड्या दिवशी डबा उघडून सगळं एकदा पाहून घ्या.

प्रिंटमागे, वहीत आणि निगेटिव्हच्या पानावर तोच क्रमांक असला पाहिजे. गेल्या वर्षी आजींच्या नातवाचा निरोप आला, फोटोची आणखी एक प्रत हवी, मोठी. मी वही उघडली, मेणवली, रोल २३, फ्रेम १४, डबा काढला, आणि दोन मिनिटांत पट्टी हातात होती.